यादीतून निसटलेला मासा

१

ओइवा केम्प्पाइनेन वाचला, पण डाव्या पायाची चार बोटं गेली. लाकूडतोडीचं यंत्र एकट्याने चालवणारा माणूस. यंत्रातून उतरताना बर्फाखालच्या ओंडक्यावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि उणे एकतीसच्या थंडीत सहा तास तसाच पडून राहिला. कमरेला कुह्मो गावातल्याच कंपनीची डबी होती. डबीचं काम एकच: माणूस हलेनासा झाला की बाहेर हाकाटी करायची. डबीने ती केलीही. पण ती कुणापर्यंत पोचली नाही, कारण अँटेनाची वायर आतल्या आत निसटली होती.

हिल्का रिएक्कीला बुधवारी सकाळी बोलावणं आलं. एकवीस वर्षं तिने या कंपनीची चाचणीची खोली सांभाळली होती आणि निवृत्त होऊन तिला वर्ष झालं होतं. नवरा गेल्यापासून गावाबाहेर अकरा किलोमीटरवर एकटीच राहायची. खरं सांगायचं तर बोलावण्याचं कारण ऐकण्याआधीच तिने बूट चढवले होते. आठवडाभर ती फक्त रेडिओशी बोलली होती.

मालक कालेर्वो हापासारीने तिच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक ओइवाची उघडलेली डबी आणि दुसरा टाइप केलेला कागद. डबीच्या झाकणाला आतून प्लास्टिकची एक आडवी पट्टी होती, झाकण मजबूत करण्यासाठी. ती नेमकी वायरच्या वळणावर दाबत होती. उन्हाळ्यात वायर मऊ असते, चालून जातं. कडाक्याच्या थंडीत तीच वायर ताठ होते, पट्टी तिला रेटते आणि तिच्या टोकाचं टोपण निघतं.

कागदावर लिहिलं होतं की ही चूक झाकणाचा आराखडा करणाऱ्या वेइयो तोलोनेनची आहे आणि कंपनीने त्याला कामावरून कमी केलं आहे. शुक्रवारी दोन वाजता अपघाताचे तपासनीस येणार होते, त्यांना तो द्यायचा होता.

"सगळं ठरलंच आहे, तर मला कशाला बोलावलंस?" हिल्का म्हणाली. तिथे मालकालाही सगळे अरेतुरेच करतात.

कालेर्वोने दोन चित्रं दाखवली. पहिलं सानाच्या संगणकावरचं, म्हणजे सर्किट बोर्ड जिथे आखला जातो तिथलं. त्यात वायरच्या वळणापाशी एक लांबट ठोकळा होता. दुसरं वेइयोच्या संगणकावरचं. सानाने आखलेला बोर्ड फाइल करून वेइयोच्या कॅडमध्ये, म्हणजे आराखड्याच्या प्रोग्रॅममध्ये, नेतात आणि मग तो बोर्डाभोवती डबी बेततो. दुसऱ्या चित्रात तोच बोर्ड होता, पण ठोकळा नव्हता. त्याच्या जागी पट्टी होती.

"पट्टी बसवायला त्यानेच ठोकळा काढला, दुसरं काय. पण तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सव्वीस वर्षं इथे काम केलेल्या माणसाला मी असा कसा घालवू?"

हिल्काला मात्र एवढ्यावरून ते खरं वाटलं नाही. वेइयोचा हात असेल, तर एका मॉडेलचं झाकण बदललं की काम भागतं. दोष फाइल नेण्याच्या वाटेतच असेल, तर उन्हाळ्यानंतर निघालेली तिन्ही मॉडेलं, तेवीसशे डब्या, जंगलाजंगलातून परत मागवाव्या लागतील आणि कंपनी राहील की नाही देव जाणे. वेइयोवर खापर फुटलं की सगळं स्वस्तात आटपत होतं. कालेर्वो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

२

वेइयो तोलोनेन एकोणसाठ वर्षांचा. बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. त्याच्या खोलीत बसून हिल्काने हवापाण्यावर बोलून पाहिलं, ओइवाच्या पायावर बोलून पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. ओइवाचं नाव निघालं तेव्हा मात्र त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तो ठोकळा तू काढलास?"

"आलाच नाही."

"म्हणजे फाइल आली तेव्हाच त्यात नव्हता?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"अरे, मग सानाला विचारायचं ना!"

हिल्काला सवय होती, ती थांबली.

"विचारलं," तो म्हणाला. "तीनदा."

यापुढे एक अक्षर नाही. हिल्का बाहेर पडली आणि सानाच्या खोलीकडे निघाली. तीच पूर्वी बोर्ड आखणाऱ्या ताउनो मोइलानेनची खोली. वेइयोच्या दारापासून तिथवर तिने पावलं मोजली. चौदा भरली. एकोणीस वर्षं ही दोन माणसं चौदा पावलांवर बसली आणि त्यांना एकमेकांशी गप्पा मारताना कुणी पाहिलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये ताउनो हृदयाच्या झटक्याने गेला, तेव्हा वेइयो थडग्यापाशी सगळे पांगल्यावरही उभा होता, एवढं हिल्काला आठवत होतं.

साना पिक्कराइनेन एकोणतीस वर्षांची, मे महिन्यात ओउलू शहरातून आलेली. तिने हिल्काला बसायला सांगितलं आणि स्वतः उभीच राहिली.

"वेइयोने मला विचारलं? तीनदा?" ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "आठ महिन्यांत त्या माणसाने मला 'कशी आहेस' एवढंही विचारलेलं नाही."

३

म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. हिल्काने सानाला चांगलं तासभर बोलतं केलं. पोरीच्या मनात बरंच साचलं होतं. नव्या गावात घर घेतलं, तिथे शेजारी नाहीत. ऑफिसात सगळे कॉफीच्या वेळी एकत्र बसतात आणि कपात बघतात. पहिले दोन महिने तिला वाटायचं, आपल्या अंगाला वास येतो की काय.

ठोकळ्याबद्दल तिने सरळ सांगितलं. नवा बोर्ड तिने ताउनोच्या जुन्या बोर्डावरूनच बेतला होता. त्यात तो ठोकळा आधीपासून होता, त्याला ना वायर जोडलेली ना बोर्डात बसणारे पाय. नाव होतं 'मुइक्कु'.

"मुइक्कु? तळ्यातला मासा?"

"हो, तोच. मला काही कळेना. पण मेलेल्या माणसाची वस्तू होती, मी हात लावला नाही. अजूनही आहे बघ." तिने यादी उघडली. एकशे त्रेचाळीस नग, त्यात एक मुइक्कु.

"आणि वेइयोबद्दल तुझ्या मनात काय आहे?"

सानाचा चेहरा आक्रसला. "त्याला वाटतं मी घरी जाऊन स्वयंपाक करावा. बोलून नाही दाखवलं, पण दाखवलं. जाऊ दे, तो म्हातारा आहे. मला तक्रार करायची नाही."

कसं दाखवलं ते काही ती सांगेना. हिल्काने वेइयोच्या कॅडमधली यादी मागवून घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बोटाने एकेक ओळ मिळवत बसली. वेइयोच्या यादीत एकशे चाळीस नग होते.

एकच कमी असायला हवा होता. तीन कमी होते.

४

हरवलेले दुसरे दोन नग अगदीच किरकोळ निघाले. एक बोर्डावर चिकटवायचं कागदी लेबल, दुसरा दिव्याचा उजेड अडवणारा काळा स्टिकर. दोन्ही पट्टीपासून लांब, भलत्याच कोपऱ्यात. हिल्काच्या मनात पाल चुकचुकली.

दोनच्या कॉफीला ती इल्मो कार्प्पिनेनजवळ बसली. पार्टांची लायब्ररी आणि खरेदीची यादी इल्मोच्या हाती. सगळ्या ऑफिसात बोलका म्हणावा असा हा एकटाच, पंचेचाळिशीचा. त्याने तिच्यापुढे रोन्त्तोनेनची, म्हणजे बटाटा-बेरीच्या छोट्या पाईंची, बशी सरकवली आणि मासा म्हणताच खो-खो हसला. ताउनो यादीत मासे घालायचा, म्हणाला. खरेदीला कागद जायचा, 'अहवेन, नग एक. मुइक्कु, नग दोन'. "मी त्याला म्हणायचो, किलोवर घेऊ की डझनावर? एकदा तर एका पुरवठादाराने खरोखर विचारलं, ताजे की खारवलेले!"

बोर्डाची फाइल कॅडमध्ये नेण्याच्या सेटिंगला कुणी हात लावला का, हेही हिल्काने विचारलं. कुणीच नाही, इल्मो म्हणाला, ताउनोने ठेवलंय तस्सं आहे. मग तिने सहज विचारलं, उन्हाळा कसा गेला? त्यावर तो सुटलाच. चारही आठवडे तळ्याकाठच्या झोपडीवर, बायको, दोन्ही पोरं, रोज साउना, धाकटीने पोहायला शिकली. जुलैत ऑफिसात असतंय कोण, भुतं?

ते खरंच होतं. जुलैत इथे माणूस औषधालाही सापडत नाही. जो कामावर येईल त्याला जायला कुठे जागा नाही, असाच त्याचा अर्थ होतो. हिल्का ऐकत होती आणि तिची नजर खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीवर फिरत होती. दर जुलैत पाण्यावाचून ते रोप मरायचं आणि दर ऑगस्टमध्ये ती पदरमोड करून नवं आणायची. एकवीस वर्षांत एकवीस रोपं झाली होती.

या रोपाचं खोड अंगठ्याएवढं जाड होतं. ती जवळ गेली. रोप काडीला लाल लोकरीच्या दोऱ्याने बांधलेलं होतं. तिच्याच हाताची गाठ होती, निवृत्त होण्याआधीच्या ऑगस्टमध्ये बांधलेली.

म्हणजे गेल्या जुलैत हे रोप मेलं नव्हतं. कुणीतरी चार आठवडे त्याला पाणी घातलं होतं.

५

गुरुवारी तिने जुनी मॉडेलं काढायला लावली. ताउनोने आखलेल्या आणि वेइयोने बेतलेल्या पाच डब्या, पाचही वेगवेगळ्या वर्षांच्या, पण रीत एकच. जिथे वायर वळायची, जिथे स्क्रू पिळताना बोट जायला हवं, तिथे तिथे ताउनोचा एक मासा. बोर्डाच्या फाइलमध्ये वायर नसतेच. तिथे फक्त बोर्डावर बसलेले नग असतात. वायरला जागा हवी हे पलीकडच्याला कळावं कसं? दुसरा कुणी उठून सांगायला गेला असता. ताउनोने मासा ठेवला.

आणि प्रत्येक माशाशेजारी एक गोल, बुटकी वस्तू होती. ती वेइयोकडून परत आलेल्या फाइलमध्ये असायची. नाव 'पातेलं'. अकरा मासे, अकरा पातेली.

हिल्का खुर्चीत मागे टेकली. एकोणीस वर्षांची ही बोलाचाली होती आणि तिचा कुणाला पत्ता नव्हता. इथे मासा आहे, येऊ नकोस. बरं, माझ्याकडे पातेलं आहे, जागा केली. तिला एकदम रडू आलं. तिचा नवराही असाच होता. बोलायचा नाही, पण पहाटे उठून तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवायचा. तो गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिला कळलं की काच रोज गोठते.

डोळे पुसून तिने नव्या मॉडेलच्या परतीच्या फाइली उघडायला लावल्या. ऑगस्टची एक, सप्टेंबरच्या दोन. तिन्हींत वायरच्या वळणापाशी एक पातेलं होतं, रिकामं. शेजारी मासा नव्हता.

ती उठली आणि सानाकडे गेली. "तुला त्याने पातेलं पाठवलं होतं?"

सानाचे कान लाल झाले. "तीनदा. मी तिन्ही वेळा पुसून टाकलं. आता तूच सांग, मी काय समजायचं होतं?"

"तो विचारत होता, मासा कुठे आहे."

साना खाली बसली. हिल्काने तिला सगळं सांगितलं. शेवटी साना एवढंच म्हणाली, की कुणी आधी सांगितलं असतं तर. पण सांगणार कोण होतं? एकाला माहीत होतं तो मेला होता आणि दुसरा वेइयो होता.

जाता जाता हिल्काने सेटिंगच्या फाइलची तारीख पाहून घेतली. सगळ्यांचा पासवर्ड एकच, त्यामुळे नाव नव्हतं. तारीख होती अकरा जुलै.

६

शुक्रवारी नऊच्या कॉफीला हिल्काने जिरेनियमची कुंडी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली. कालेर्वो, साना, इल्मो आणि वेइयो, चौघेही बसले होते. कागद कालेर्वोच्या पुढ्यात होता.

ती सावकाश बोलली. मासा सानाकडून निघाला होता, तो अजूनही तिच्या यादीत आहे. वेइयोकडे पोचला नाही. वेइयोने तो पट्टीसाठी काढला म्हणावं, तर लेबल आणि स्टिकर त्याने कशाला काढले? ते त्याच्या वाटेत नव्हते. मग या तिघांत सारखं काय? तिघांनाही खरेदीचा क्रमांक नाही. मासा विकत मिळत नाही आणि लेबल, स्टिकर इथेच छापतात. माणूस काढतो तेव्हा नडणारी वस्तू काढतो. बिनक्रमांकाचं सगळंच गळालं, म्हणजे हे चाळणीचं काम आहे. फाइल नेण्याच्या वाटेवर अकरा जुलैला कुणीतरी चाळणी लावली.

"जुलैत इथे कोण होतं?" कालेर्वो म्हणाला. "सगळे रजेवर होतो."

हिल्काने कुंडी थोडी फिरवली, लाल दोरा समोर येईल अशी.

इल्मोने कप खाली ठेवला.

"पाणी मी घालत होतो," तो म्हणाला. "माझी बायको, किर्सी, जूनमध्येच पोरांना घेऊन ताम्पेरेला गेली. झोपडी तिच्या वडिलांची आहे. मी घरी बसून काय करणार होतो? रोज आठला यायचो, चारला जायचो. लायब्ररी साफ केली. खरेदीच्या यादीत मासे नकोत, म्हणून क्रमांक नसलेलं गाळायला सांगितलं. फक्त यादीतूनच जातील असं वाटलं मला. कॅडकडेही तीच वाट जाते, हे माझ्या लक्षात आलं नाही." तो कुंडीकडे बघत होता. "जुलैत ऑफिसात होतो, हे कुणाला सांगायचं नव्हतं."

एरवी इतका बडबडणारा माणूस, पण सहा महिने हे त्याने पोटात ठेवलं होतं. साना त्याच्याकडे बघत राहिली. मे महिन्यापासून तिलाही कुणी जेवायला बोलावलं नव्हतं आणि इल्मो तिच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहत होता.

कालेर्वोचा हिशोब झाला होता. "म्हणजे तिन्ही मॉडेलं," तो म्हणाला. "हिल्का, तेवीसशे डब्या परत मागवायच्या? एक माणूस घसरला म्हणून? वसंतापर्यंत थंडी उतरेल, तोवर आपण गुपचूप..."

हिल्काने आपल्या कमरपट्ट्याची डबी काढून कुंडीशेजारी ठेवली. नाताळला कालेर्वोनेच भेट दिलेली, एकटी राहतेस, असू दे म्हणून. नवं मॉडेल होतं.

"आज उणे अठ्ठावीस आहे," ती म्हणाली. "मी घरी जाऊन लाकडं फोडणार आहे. ही लावून जाऊ की काढून?"

कालेर्वोने डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने कागद उचलला आणि पेनाने वेइयोच्या नावावर रेघ मारायला घेतली.

"राहू दे," वेइयो म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कामावरून काढलं ते खोडलंस तर बरंच. पण नाव राहू दे. इल्मोला माहीत नव्हतं. सानालाही नव्हतं. मासा असायला हवा, हे मला एकट्याला माहीत होतं. तीनदा उत्तर आलं नाही, तर मी पट्टी टाकून मोकळा झालो." तो थांबला. एवढं बोलून त्याला दम लागला होता. "चौदा पावलं होती. मला उठता आलं असतं."

चौदा आहेत हे हिल्काने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानेही कधीतरी मोजली होती तर.

७

दोन वाजता तपासनिसांना जो कागद मिळाला, त्यात चाळणीची सगळी हकिकत होती, तेवीसशे डब्या परत मागवल्याचं लिहिलं होतं आणि खाली तीन नावं होती: इल्मो, वेइयो आणि कालेर्वोचं स्वतःचं. कामावरून कुणालाच काढलं नव्हतं. कंपनी तगेल की नाही, हे सांगायला वेळ लागणार होता. हिल्काची डबी कालेर्वोने काढून घेतली आणि चांगली डबी मिळेपर्यंत रोज संध्याकाळी सहाला फोन करायचं कबूल केलं.

सोमवारी ती इल्मोला दुरुस्त केलेली चाळणी तपासायला मदत करत होती. साना सकाळपासून दार लावून बसली होती. अकराच्या सुमाराला तिने नवा बोर्ड पलीकडे पाठवला. यादी जुळली, एकशे त्रेचाळीसला एकशे त्रेचाळीस. मासा या वेळी सानाने स्वतः काढलेला होता, ठोकळा नव्हे, शेपटी आणि कल्ल्यांसकट. तिला चित्रकला येत नव्हती, हे दिसतच होतं.

हिल्का परतीच्या फाइलची वाट बघत बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पातेलं काही आलं नाही.

मग वेइयोच्या खोलीचं दार वाजलं. कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज आला, सावकाश. हिल्काने नकळत मोजायला सुरुवात केली. बारा, तेरा, चौदा. सानाच्या दारावर टकटक झाली.

"मासा छान आहे," वेइयोचा आवाज आला, घोगरा, कधी न वापरल्यासारखा. "पण दोन मिलिमीटर डावीकडे हवा. दाखवतो, आत येऊ का?"